न उघडणाऱ्या मुठीची हकीकत

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आमची कंपनी पश्चिम सरहद्दीवरच्या एका कालव्याच्या बांधावर लागली. माझा हुद्दा नाईक. सेक्शनचा टूआयसी, म्हणजे दुय्यम प्रमुख, असल्यामुळे एलएमजी, म्हणजे हलक्या मशीनगनचा ग्रुप माझ्या हुकमतीत होता. गनवर नंबर वन लान्स नाईक शेषराव, नंबर टू साताऱ्याकडचा एक शिपाई. शेषराव माझ्याच गावचा, धारूर तालुक्यातला. परमुलखात गाववाला भेटला की जिवाला बरं वाटतं म्हणतात. मला काडीचंही बरं वाटलं नाही.

त्याच्या घरी मेंढरं आणि आमच्या घरी ज्वारी. आमच्या भागातल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुढचं कळतं. एका सुगीत त्यांचा कळप आमच्या उभ्या पिकात शिरला आणि माझ्या वडिलांनी त्याच्या बापाचं डोकं काठीनं फोडलं. तेव्हापासून दोन्ही घरांत पाणीसुद्धा बंद होतं. भरतीला आम्ही वेगवेगळ्या वर्षी गेलो, तरी नेमके एकाच पलटणीत येऊन पडलो. मी त्याच्या एक फीत वर होतो आणि त्या फितीचा मी पुरेपूर वापर केला. गनच्या गॅस सिलिंडरला काजळी सापडली म्हणून भर दुपारी पाठीवर सामानाचा पिठ्ठू चढवून मी त्याला दोन तास पळवलंय. तो माझ्यामागे मला, मारुतरावाला, ‘मारत्या मालक’ म्हणायचा. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

मोर्चावरचा दिनक्रम साधा होता. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांनिशी सज्ज. उजाडलं की अर्ध्यांनी शस्त्रं साफ करायची, अर्ध्यांनी दुर्बिणीतून समोर बघायचं. चहा, पुऱ्या, खंदकाची डागडुजी. आम्हा दोघांत हुकूम आणि ‘जी’ यापलीकडे शब्द होत नसे.

डिसेंबरातल्या त्या सकाळी ०५४० ला त्यांच्या मॉर्टरनी आमच्या गनची जागा हेरली. पहिला गोळा मागे पडला, दुसरा पुढे. तिसरा कुठे पडणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती. वायरलेस सेटवर कंपनी कमांडरचा आवाज आला. ‘टू’ म्हणजे आमचा सेक्शन.

“टू, गन शिफ्ट करो. अल्टरनेट पोझिशन. ओव्हर.”

“टू, विल्को. आउट,” मी हुकूम घेतला.

अल्टरनेट पोझिशन, म्हणजे गनची राखीव जागा, डावीकडे तीस पावलांवर होती. नंबर टू मॅगझिनचा बॉक्स घेऊन आधी पळाला. मागे शेषराव गन घेऊन, त्याच्यामागे मी. मधे पोहोचलो आणि गोळा फुटला. गोळ्याचा एक स्प्लिंटर हेल्मेटच्या कडेखालून, डाव्या कानाच्या वर, आत शिरला. दुखलं नाही. कुणीतरी पाय काढून घेतल्यासारखा मी उताणा पडलो.

आता जे सांगतो ते मी सव्वा वर्ष कुणाला सांगितलं नव्हतं. शेषराव वळला, माझ्यावर वाकला. माझा उजवा हात त्याच्या कमरेला गेला आणि मूठ त्याच्या वेब बेल्टच्या बकलावर आवळली. तो म्हणाला, “उठ बे.” मी उठलो नाही. मग त्याला कळलं की मी उठणार नाही आणि त्याला उभंही राहता येत नाही.

“सोड! सोड बे मारत्या!”

मला ऐकू आलं. अर्थ कळला. मी हाताला सोडायचा हुकूम दिला. तोंडानं बोलायला गेलो तर जीभ एकीकडे वळली. तो दोन्ही हातांनी माझी बोटं ओढू लागला. ओढेल तशी मूठ आणखी घट्ट होत गेली. आठ-दहा श्वास एवढा वेळ गेला असेल. मग पुढचा गोळा आला आणि शेषराव माझ्या अंगावर पडला. स्ट्रेचरवाल्यांनी बेल्ट कापून आम्हाला वेगळं केलं.

नंबर टूनं नव्या जागेवरून पाहिलं होतं. त्याला दिसलं ते एवढंच, की शेषराव माझ्यावर वाकून मला ओढतोय. त्यानं तसं सांगितलं आणि गावी पत्र गेलं, की जखमी साथीदाराला सुरक्षित जागी हलवताना लान्स नाईक शेषराव कामी आला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. मी ते दुरुस्त करू शकलो असतो, पण पहिले दोन महिने मला वाचा नव्हती. वाचा आली तेव्हा मी गप्प बसलो.

मिलिटरी हॉस्पिटलात डोक्याचं ऑपरेशन झालं. उजवं अंग गेलं होतं. पाय महिनाभरात थोडा हलू लागला. हात मात्र छातीशी मुडपून बसला, बोटं तळव्यात रुतलेली. फिजिओथेरपीच्या खोलीत सुभेदार पिल्ले नावाचा केरळकडचा माणूस होता. बुटका, काळा, आवाज परेड ग्राउंडचा. पहिल्या दिवशी त्यानं माझा हात उचलला, सोडला, पुन्हा उचलला.

“हाथ जिंदा है,” तो म्हणाला. “लाइन कटी है.”

मग त्यानं समजावलं. डोक्याची डावी बाजू अंगाच्या उजव्या बाजूला हुकूम देते, उजवी बाजू डावीला. तारा मानेच्या वर एकमेकींना ओलांडून जातात. माझं टेलिफोनचं डबडं, म्हणजे हात, शाबूत होतं. एक्सचेंजमधला एक कोपरा जळाला होता. जळालेला कोपरा परत येत नाही. पण शेजारच्या कोपऱ्यातून नवी तार ओढता येते, फक्त त्या तारेवरून रोज बोलावं लागतं. बोललं नाही तर एक्सचेंज ती तार काढून दुसऱ्याला देतं.

“ये लेफ्ट हँड तुम्हारा दुश्मन है,” तो माझ्या चांगल्या हातावर टिचकी मारून म्हणायचा. “सब काम ये करेगा, तो वो क्यों करेगा? बाँध दो इसको.” आणि बांधायचाच. मग पेला उचल, ठेव. उचल, ठेव. शंभर वेळा, पुन्हा शंभर वेळा. मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आधी खांदा आला, मग कोपर. पण खांदा उचलला की कोपर आपोआप दुमडायचं, मी सांगितलेलं नसताना. मूठ मिटायला लागली. उघडेना. पिल्ले म्हणाला, असंच असतं, मिटणं आधी येतं आणि उघडणं सगळ्यांत शेवटी, काहींना कधीच येत नाही. बोटं ओढायची नाहीत, ओढलं की आवळतात. मनगट हळू खाली दाबायचं, तळहाताच्या बाजूला, म्हणजे बोटांच्या शिरा सैल पडतात आणि मूठ आपसूक सुटते. त्यानं ते करून दाखवलं. दोन सेकंद लागले.

मी त्या दोन सेकंदांकडे बघत राहिलो. मग विचारलं, “साहब, चोट लगते ही मुट्ठी बंद हो सकती है?”

“फिट आ सकता है. हाथ खुद बंद होता है. तुम्हारे ऑर्डर के बिना.”

“और डर से?”

“डर से भी.”

“पता कैसे चले?”

पिल्लेनं माझ्याकडे नीट पाहिलं. “नहीं चलता,” तो म्हणाला. “गिलास उठाओ.”

पलटणीतून मला निकामी ठरवून घरी पाठवलं. घाटनांदूरच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा बाहत्तरचा पावसाळा संपला होता, म्हणजे कॅलेंडरात. पाऊस आलाच नव्हता. बैलगाडीतून गावापर्यंत हिरवं म्हणून काही दिसलं नाही. वेशीत मात्र वाजंत्री होती. सोसायटीच्या चेअरमननं माझा सत्कार ठेवला होता. सोसायटीचं नवं गोदाम बांधून तयार होतं आणि त्यात ठेवायला धान्याचा दाणा नव्हता, तेव्हा सत्कार त्याच रिकाम्या गोदामात झाला. फेटा, शाल, नारळ. नारळ मला डाव्या हातात दिला. चेअरमननं भाषणात सांगितलं, की शेषरावनं प्राण देऊन ज्वारीवाल्याच्या लेकराला वाचवलं, जुनं वैर रक्तानं धुऊन निघालं, गोदामाला त्याचंच नाव देऊ. लोक रडले. समोर शेषरावची आई सोजरबाई बसली होती. ती रडली नाही. पूर्ण वेळ ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

घरी माझा देव झाला. आई घास भरवायची. बहीण सदऱ्याची बटणं लावायची. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात म्हणून चुलत्यानं कुठून कुठून कबुतरं आणली. माणसांना खायला नव्हतं आणि माझ्या हातावर रक्त चोळलं जात होतं. माझी बायको शांता शहाणी होती. पिल्लेनं दिलेली चिठ्ठी तिनं शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतली आणि एका सकाळी माझा डावा हात पंच्यानं पाठीशी बांधला. आईनं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं.

“लेकराचा एकच हात धड हाय, त्यो बांधतीस व्हय गं? लढाईत ऱ्हाईलं त्ये तू करतीस का?”

पंचा सुटला. सगळ्या गावानं तीच चूक केली आणि सगळ्यांनी मायेनं केली. आमच्याकडे दुखण्याईताला हलू न देणं हेच प्रेम. मला ते सोयीचंही होतं. तीन महिन्यांत पिल्लेनं ओढलेली तार एक्सचेंजनं काढून नेली. पेला उचलणं गेलं. मूठ पुन्हा छातीशी येऊन बसली आणि नखं तळव्यात घुसून तिथे घाण वास यायला लागला. मी चिडखोर झालो. एकदा शांताला ताट फेकून मारलं, डाव्या हातानं. नेम बरोबर लागला. त्याची मला आजही लाज वाटते.

हिवाळ्यात दुष्काळी कामं निघाली. आमच्या भागातून घाटाकडे रस्ता करायचा होता आणि त्यासाठी खडी फोडायची होती. मेंढरंवाले आणि ज्वारीवाले एकाच रांगेत हातोडी घेऊन बसले. टोळ्या पाडल्या होत्या. टोळीनं फोडलेल्या ढिगाचं माप एकत्र व्हायचं, तेव्हा एक लुळा माणूस घेतला की सगळ्यांचं माप खाली. सत्काराला रडलेल्या एकाही माणसानं मला टोळीत घेतलं नाही. मी तिथे का गेलो? घरात आईनं भरवलेला घास आणि बायकोची नजर, दोन्ही सोसवेनात म्हणून.

मुकादम मला परत पाठवणार एवढ्यात मागून आवाज आला.

“त्याला माझ्या टोळीत घाला.”

सोजरबाई होती. वय पन्नाशीच्या पुढे, अंग काटकुळं, कळप चाऱ्यावाचून संपलेला. तिची सून आणि आणखी चौघीजणी टोळीत होत्या. बायका कुजबुजल्या, की काय मोठं मन म्हणावं. मी फसलो नाही. मोठ्या मनाची माणसं अशी बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती लोकरीची दोरी घेऊन आली. तिनं स्वतः वळलेली दोरी होती, मेंढरू बांधायची.

“हात माघं कर. डावा.”

“कावून?”

“तुझ्या बायकूनं सांगितलंय मला, त्या दवाखान्यातल्या मानसानं काय लिवलंय ते. माझ्या टोळीत बसून खायचं न्हाई. माझ्या लेकाच्या जिवावर जगतूस नव्हं? मंग नीट जग.”

तिनं गाठ अशी मारली की रक्त थांबावं. मग हातोडी उचलून माझ्या उजव्या मुठीत कोंबली, बोटं एकेक उलगडून. ती रागानं करत होती. पिल्ले कर्तव्य म्हणून करायचा. हाताला काय फरक पडतो? तार दोघांनीही ओढलीच.

पहिला आठवडा हातोडी पडतच होती. मी मारायला जायचो एका दगडावर आणि बसायची मांडीवर. खांदा उचलला की कोपर दुमडायचं, म्हणून मी आख्खं अंगच फेकायचो. बायका हसायच्या. सोजरबाई हसायची नाही, पाणीही द्यायची नाही. हातोडी पडली की म्हणायची, “उचल.” डावा हात बांधलेला, तेव्हा ओणवं होऊन उजव्यानंच उचलावी लागे. संध्याकाळी माझा ढीग टोपलीभरही नसायचा आणि तिची सून मला ऐकू जाईल असं पुटपुटायची.

तिसऱ्या आठवड्यात हातोडी हातात टिकू लागली. चौथ्यात दगड फुटायला लागले. मोठे नाही, पण फुटत. मी कबूल करतो, पहिला दगड दोन तुकडे झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण आता नवीन कटकट सुरू झाली. मूठ हातोडीला चिकटायची. सुट्टी झाली तरी हातोडी सुटेना. सोजरबाई बोटं ओढायची आणि ती आणखी आवळायची.

“ओढू नका काकू,” मी म्हणालो. “मनगट खाली दाबा. हळू.”

तिनं दाबलं. मूठ सुटली. मेंढीला औषध पाजताना जबड्याच्या कडेला बोट घालतात आणि तोंड उघडतं, तसं तिनं ते एकदाच पाहून शिकून घेतलं. पुढे रोज संध्याकाळी ती न बोलता यायची, मनगट दाबायची, हातोडी काढून घ्यायची. आणि रोज एकच प्रश्न विचारायची.

“शेवटाला काय बोलला शेषराव?”

“काही नाही.”

“कायबी न्हाई?”

“नाही.”

“त्यो गप बसनारा न्हवता,” ती म्हणायची आणि निघून जायची.

आता त्या दिवसाबद्दल. खडीसाठी कातळ फोडायला वरच्या अंगाला सुरुंग लावत. शिस्त अशी होती, की जेवणाच्या सुट्टीत शिट्टी व्हायची, लाल झेंडा दिसायचा, सगळे खाली गेले की वात पेटवायची. मी पलटणीत याहून वाईट शिस्त पाहिलेली नव्हती, तरी दीड महिना निभावलं. त्या दिवशी ११५० ला शिट्टी झालीच नाही. वरून एक माणूस ओरडत पळत आला.

“बार हाय! पळाऽ! वात पेटलीया!”

लोक उठले, घमेली टाकून खाली धावले. माझा डावा हात मागे बांधलेला. मी उठलो, उजवा पाय आडवा पडला आणि मी कोसळलो. सोजरबाई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. माझा उजवा हात गेला आणि तिच्या मनगटावर आवळला. मी पकडायचं ठरवलं नव्हतं. की ठरवलं होतं? मला तेव्हाही कळलं नाही.

तिनं हिसका दिला. मूठ घट्ट झाली.

“सोड! सोड मेल्या!”

मी हुकूम दिला. जीव तोडून दिला. बोटं हलली नाहीत. तिनं पुन्हा ओढलं आणि मूठ आणखी घट्ट झाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि मला त्या चेहऱ्यात दुसराच चेहरा दिसत होता. आई-लेकाचं नाक सारखं होतं हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं ओढायचं थांबवलं. ती गुडघ्यावर बसली, मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं आणि खाली दाबलं. हळू. वात जळत असताना हळू. बोटं सुटली. तिला पळता आलं असतं. तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मला खडीच्या ढिगामागे फरफटत नेलं. बार उडाला. आमच्यावर माती आणि बारीक दगड पडले. आम्ही जिथे होतो तिथे पायलीएवढा धोंडा येऊन बसला. कुणी दगावलं नाही.

कान मोकळे झाले तेव्हा ती ढिगाला टेकून बसली होती आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. तिथे माझ्या चार बोटांचे वळ उठले होते. 

“असंच झालं का?” तिनं विचारलं.

“हो.”

“सांग.”

मी सांगितलं. गनची जागा, तीस पावलं, बकल, आठ-दहा श्वास. रिपोर्ट देतो तसं सांगितलं, दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला जमलं नसतं. तो काय बोलला तेही सांगितलं. ‘सोड बे मारत्या.’

“त्यो वडत हुता?”

“दोन्ही हातांनी.”

“आन् तू?”

“मी सोडायला सांगत होतो, काकू. हातानं ऐकलं नाही. मार लागल्यानं मूठ वळली की भीतीनं मीच धरलं, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही.”

“आमच्या घरावरचा राग हुता म्हनून न्हाई?”

हा प्रश्न मी स्वतःला हॉस्पिटलात रोज विचारलेला होता. “राग होता,” मी म्हणालो. “पण तेव्हा आठवला नाही.”

तिनं वळांवरून अंगठा फिरवला. “वडलं की आवळतंय ते,” ती म्हणाली. “त्याला कुनी सांगितलं न्हाई.”

मी रडलो. तिनं मला रडू दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. मग उठून माझा डावा हात सोडला आणि म्हणाली, “सोसायटीच्या बैठकीत सांग हे. गोदामावर बसवायच्या दगडावर खोटं नगं.”

आठ दिवसांनी गोदामात बैठक झाली. गोदामाच्या नावाचा दगड घडवून आणलेला होता, मजकूर लिहायचा बाकी होता. मी उभा राहिलो आणि बेल्टची गोष्ट सांगितली. 

चेअरमन घसा खाकरून म्हणाले, “मारुतराव, आता हे कशाला? शहिदाची गोष्ट अशी नसते.”

“मग कशी असते?”

कुणीतरी मागून म्हणालं, “ज्वारीवाल्यानंच खाल्ला म्हना की धनगराचा पोरगा.” दोन-तीन जण उठून माझ्या अंगावर आले. माझे भाऊबंद वेगळेच भडकले, की चांगलं झाकलेलं होतं ते उघडं कशाला केलंस. चेअरमनचं म्हणणं होतं, की मेंदूला मार लागलेल्या माणसाचं बोलणं कशाला मनावर घ्यायचं. तेव्हा सोजरबाई उठली.

“त्यो खरं बोलतूय. माझ्याबी हाताला तसंच धरलं हुतं.” तिनं बांगड्या मागे सारून मनगट दाखवलं. वळ पिवळे पडले होते. “निस्तं नाव घाला माझ्या लेकाचं. दुसरं कायबी लिवू नगा.”

दगडावर नुसतं नाव आहे.

गावात वर्षभर माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. मी त्याच टोळीत खडी फोडत राहिलो, कारण दुसऱ्या टोळीनं तेव्हाही घेतलं नसतं. सोजरबाई रोज सकाळी माझा हात बांधायची. काम बंद झालं तोवर मी पेला धरून पाणी पिऊ लागलो होतो, सही करू लागलो होतो, आणि मूठ उघडायला लागली होती. सावकाश उघडते. आजही हुकूम दिल्यावर मनात तीन मोजावे लागतात. आईला मी त्यानंतर घास भरवू दिला नाही. तिला ते शेवटपर्यंत लागलं.

सोजरबाईनं मला माफ केलं असं कुणाला वाटेल तर तसं नाही. ती आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. रस्त्यात भेटली तर माझ्या हाताकडे बघायची आणि विचारायची, “उघडतो का?” मी उघडून दाखवायचो. ती पुढे जायची.

ती गेली त्या उन्हाळ्यात तिनं मला वस्तीवर बोलावून घेतलं. खाटेवर होती. तिचंही एक अंग गेलेलं, उजवंच. मी खाली बसलो. सून पाणी पाजायला आली तर तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मिटलेल्या मुठीचं मनगट खाली दाबलं, बोटं उघडली, त्यात पेला दिला आणि वरून माझा हात धरला. थोडं पाणी सांडलं, थोडं पोटात गेलं.

शब्द जड येत होते तिला. “त्या येळंला,” ती म्हणाली, “बंदूक कुठं हुती?”

“त्याच्यापाशीच. एलएमजी. नऊ-दहा किलोची.”

“तिच्या दांड्यानं तुझा हात मोडला आस्ता का?”

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. “मोडला असता,” मी म्हणालो. “एक बट मनगटावर बसला असता तर मूठ सुटली असती. त्याच्या जागी मी असतो तर घातला असता.”

“त्यानं?”

“त्यानं गन खाली ठेवली. माझी बोटं दुखू नयेत तशी, एकेक करून सोडवत होता.”

ती छताकडे बघत राहिली. “बावळट हुता माझा शेषराव,” ती म्हणाली.

लान्स नाईक शेषराव, एलएमजी नंबर वन, वय सव्वीस. माझं आणि त्याचं कधीच पटलं नाही.